गेम एकाच्या नावावर, खेळणारे चौघे: घरात लायसन्स वाटून घ्यायचं कसं

बेळगावातल्या शहापूरला आमच्या घरी एक प्लेस्टेशन आहे, एक जुना डेस्कटॉप आहे आणि खेळणारे चौघे. मे महिन्यात खानापूरहून बहिणीची पोरं आली की आकडा सहावर जातो. सगळ्यांत थोरला मी, आणि बहुतेक गेम माझ्याच पैशाने घेतलेले. त्यामुळे नात्यात कुणी नवा कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखं गेमचं यंत्र, घेतला की दोन दिवसांत फोन येतो. "मामा, गेम घेटलाय खरं माझ्या नावावर दिसंना. काय करू सांग की."

दर वेळी तेच सांगून घसा बसला म्हणून हे लिहून काढलं. ज्यांनी पहिल्यांदाच डिजिटल गेम घेतलाय आणि घरातल्या दुसऱ्यालाही तो खेळू द्यायचाय, त्यांच्यासाठी हे आहे. मेनूतली नावं इंग्रजीतच दिली आहेत, फक्त अक्षरं आपली. प्लेस्टेशनवर आणि स्टीमवर (कॉम्प्युटरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) मराठी नाही आणि कन्नडही नाही, त्यामुळे निदान तिथं तरी पाटीवरून वाद नाही.

आधी उतारा बघा

आपल्याकडे जमीन घेताना माणूस आधी उतारा काढतो. डिजिटल गेमचा उतारा काढला तर मालक म्हणून नाव कंपनीचंच निघेल. तुम्ही चार-पाच हजार मोजले तरी तुम्ही कूळ. जमीन कसा, पीक काढा, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. हातात मिळते ती खेळायची परवानगी. तिलाच लायसन्स म्हणतात.

हे मी रागाने म्हणत नाही, दुकानंच तसं लिहून देतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू झाला, की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही मालकी देत नसून लायसन्स देताय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. त्याच्या आधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले, तेव्हा विकत घेतलेल्यांच्या हातातही काही राहिलं नाही, कारण तो गेम इंटरनेटशिवाय चालतच नव्हता.

ही परवानगी कशाला बांधलेली आहे, एवढं कळलं की अर्धं काम झालं. ती पहिल्यांदा बांधलेली असते खात्याला, म्हणजे ज्या अकाउंटवरून गेम घेतला त्याला. मग काही कंपन्या त्या खात्याला एक यंत्र नेमून द्यायची सोय देतात. त्या यंत्रावर घरातला कुणीही आपापल्या खात्यातून खेळू शकतो. काही कंपन्या यंत्राऐवजी कुटुंब विचारतात. आणि या सगळ्याभोवती देशाचं कुंपण असतं. राज्याचं नसतं. शिनोळीचा माणूस महाराष्ट्रात आणि त्याचा उचगावचा मेहुणा कर्नाटकात, याच्याशी गेमच्या दुकानाला काही देणंघेणं नाही. पत्त्यात बेळगाव लिहिलं, की 2014 च्या नोव्हेंबरपासूनचं बेळगावी लिहिलं, तरी चालतं. देश भारत असला म्हणजे झालं. आपल्या वाट्याला अशी सीमा क्वचितच येते.

प्रत्येकाला वेगळं खातं

नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली. घरात एकच खातं काढायचं आणि सगळ्यांनी त्यावरच खेळायचं. सुरुवातीचे चार दिवस गंमत वाटते. मग धाकट्याने थोरल्याच्या सेव्हवर, म्हणजे गेम कुठवर आलाय त्याच्या नोंदीवर, आपला सेव्ह मारला, की घरात महाभारत. शिवाय त्या खात्याला कार्ड जोडलेलं असतं आणि पोराला खरेदीचं बटण सापडायला वेळ लागत नाही.

म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं काढा. प्रत्येकाला वेगळा ईमेल लागेल, आणि तो ईमेल उघडणारा माणूस जिवंत, जागा आणि घरातला हवा. मोबाईलच्या दुकानात "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्या पोराच्या ईमेलवर खातं काढू नका. पासवर्ड विसरला की परत मिळवायची वाट त्या ईमेलमधूनच जाते. जन्मतारीख खरी टाका. लहान मुलाला मोठं दाखवून खातं काढलं, तर पालकांसाठीची सगळी कुलपं निकामी होतात. स्टीमच्या करारात तर 13 वर्षांखालच्यांना खातं घ्यायला मनाईच आहे.

देश निवडताना इंडियाच निवडा. माझ्या चुलत भावाने कुणाचं तरी ऐकून प्लेस्टेशनच्या खात्यावर अमेरिका टाकलं. तिकडे सेल मोठा लागतो म्हणे. पुढे त्याचं इथलं कार्ड तिथं चालेना. डिस्क घेतली भारतातली आणि तिच्यावरचा जादाचा भाग, ज्याला डीएलसी म्हणतात, तो घेतला अमेरिकन खात्यातून. दोन्ही एकमेकांना ओळखेनात. प्लेस्टेशनवर गेम आणि डीएलसी एकाच प्रदेशाचे लागतात, आणि खात्याचा देश एकदा टाकला की बदलता येत नाही. शेवटी नवं खातं काढून पहिल्यापासून सुरुवात.

खातं झालं की त्याच बैठकीत दोन पायऱ्यांचं कुलूप लावा. मेनूत त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात. पासवर्डनंतर मोबाईलवर आकडा येतो तो टाकायचा. बँकेच्या ओटीपीसारखंच आहे, आणि बँकेच्या ओटीपीसारखंच कुणाला सांगायचं नाही.

प्लेस्टेशन: यंत्र नेमून द्यायचं

इथला नियम एका वाक्यात बसतो. प्रत्येक खात्याला एक पीएस5 आणि एक पीएस4 नेमून देता येतो. नेमलेल्या यंत्रावर घरातले सगळे आपापल्या खात्यातून तुमचे डिजिटल गेम खेळू शकतात, तुम्ही तिथं लॉगिन नसलात तरी. बाकीच्या यंत्रांवर मात्र ते गेम फक्त तुम्हालाच, तुमच्या खात्यातून आणि इंटरनेट चालू असताना.

पीएस5 वर ज्याने गेम घेतलेत त्याच्या खात्यातून आत जा. वर उजवीकडच्या चाकावर म्हणजे सेटिंग्जवर या, मग युजर्स अँड अकाउंट्स, त्यात अदर, त्यात कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले. तिथं इनेबल दिसलं तर दाबा. डिसेबल दिसलं तर आधीच चालू आहे, हात लावू नका. तुम्ही दुसऱ्या कुठल्या पीएस5 वर ते चालू केलेलं नसेल, तर पहिल्या लॉगिनलाच ते आपोआप चालू होतं. म्हणून बऱ्याच घरांत काही न करताच सगळं सुरळीत चालतं आणि लोकांना वाटतं शेअरिंग-बिअरिंग काही नसतंच.

पीएस4 वर वाट थोडी वेगळी. सेटिंग्ज, अकाउंट मॅनेजमेंट, ॲक्टिव्हेट ॲज युअर प्रायमरी पीएस4, मग ॲक्टिव्हेट. जुना पीएस4 घेणाऱ्यांनी हे आधी करावं.

मग धाकट्याचं खातं त्याच कन्सोलवर जोडा. तो आपल्या नावाने आत गेला की लायब्ररीत तुमचे गेम त्याला दिसतील. त्याचा सेव्ह वेगळा, ट्रॉफी वेगळ्या. पीएस प्लस, म्हणजे प्लेस्टेशनचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, घेतलं असेल तर ऑनलाइन खेळायची सवलतही त्या यंत्रावरच्या बाकीच्यांना मिळते. सेव्ह क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवायची सोय मात्र ज्याचं सदस्यत्व त्यालाच. गेममधली नाणी, पॉइंट, कातडी-बितडी (म्हणजे पात्रांची नवी रूपं) ज्याच्या खात्यात घेतली त्याच्याकडेच राहतात. यावरून आमच्याकडे दोन वेळा रडारड झालेली आहे.

ऑफलाइन प्ले हा शब्द आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. हेस्कॉमची लाईट परत आली तरी राउटरच्या मागची लाइन अजून मेलेलीच असते. अशा वेळी कन्सोल नेमलेला असेल तर गेम उघडतो. नसेल तर नेट नाही म्हणून तुमचाच गेम तुम्हाला कुलूप दाखवतो. म्हणून घरात एकच कन्सोल असेल आणि वाटून घ्यायला कुणी नसलं, तरीही ही सेटिंग चालू आहे का ते एकदा बघून ठेवा.

आता तो प्रसिद्ध फेरफार. दोन भावांकडे दोन पीएस5 आहेत. थोरला आपलं शेअरिंग धाकट्याच्या कन्सोलवर चालू करतो आणि धाकटा आपलं थोरल्याच्या. मग एकाने घेतलेला गेम दोघं एकाच वेळी, आपापल्या कन्सोलवर, आपापल्या खात्यातून खेळू शकतात. हे चालतं. एका घरात दोन कन्सोल असतील तर सोयीचंही आहे. याची किंमत अशी, की आता प्रत्येकाचे स्वतःचे गेम स्वतःच्या कन्सोलवर इंटरनेटच्या मेहरबानीवर चालतात. नेट गेलं की थोरल्याला धाकट्याचे गेम उघडतात आणि स्वतःचे उघडत नाहीत. हे समजावून सांगताना माझ्या मेहुण्याने मला दोनदा परत म्हणायला लावलं होतं, त्यामुळे तुम्हालाही दोनदा वाचावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका.

हा फेरफार करायचाच असेल तर समोरच्याच्या कन्सोलवर जाऊन आपला पासवर्ड आपण स्वतः टाका. फोनवर सांगू नका. पासवर्ड दुसऱ्याला देणं कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि भांडण झाल्यावर तो परत घेता येत नाही. निपाणीच्या मित्राशी, पुण्यातल्या रूममेटशी, कॉलेजातल्या ओळखीशी असलं काही करू नका. सख्ख्या भावापाशी थांबा.

कन्सोल विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी त्याच पडद्यावर जाऊन शेअरिंग बंद करा. विसरलात तर प्लेस्टेशनच्या वेबसाइटवरून सगळ्या यंत्रांवरचं एकदम काढता येतं, पण ते सहा महिन्यांतून एकदाच.

डिस्कचा पर्याय विसरू नका

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला? खरं आहे. डिस्कवर घेतलेल्या गेमला यातलं काही लागत नाही. ज्याच्या हातात डिस्क तो खेळतो. कडोलीचा भाऊ खेळून झाला की येळ्ळूरच्या भावाला देतो, कंटाळा आला की जुन्यात विकून नव्यात भर घालतो. एका वेळी एकाच यंत्रात चालते, एवढीच मर्यादा. अजून कन्सोल घेतला नसेल आणि घरात खेळणारे दोनाहून जास्त असतील, तर माझं मत डिस्क घालायची खाच असलेल्या मॉडेलकडे झुकतं. डिजिटल मॉडेलमध्ये ती खाच नसते. दुकानदार स्वस्त म्हणून डिजिटल पुढे करतो, तेव्हा हे आठवा.

एक्सबॉक्स, आणि थोडं स्विचबद्दल

एक्सबॉक्समध्ये तोच विचार, नाव होम एक्सबॉक्स. कंट्रोलरवरचं मधलं बटण, मग प्रोफाइल अँड सिस्टीम, सेटिंग्ज, जनरल, पर्सनलायझेशन, माय होम एक्सबॉक्स, मेक धिस माय होम एक्सबॉक्स. त्या यंत्रावर बाकीच्यांना तुमचे डिजिटल गेम आणि तुमच्या गेम पास या सदस्यत्वाचे फायदे मिळतात. होम बदलायची मुभा वर्षातून पाच वेळा. उगीच इकडून तिकडे करत बसू नका, सहाव्या वेळी अडकाल.

निन्टेन्डोचा स्विच कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे आपल्याकडे दिसतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला. 2025 पासून त्यात व्हर्च्युअल गेम कार्ड आलंय. आधी दोन्ही यंत्रं जवळजवळ ठेवून जोडायची, मग फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला गेम दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो. तेवढे दिवस तो तुमच्याकडे चालत नाही. मुदत संपली की आपोआप परत. वाचनालयाच्या पुस्तकासारखं, फक्त दंड नाही.

स्टीम: इथं यंत्र नाही, कुटुंब

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यांत कामाचा, कारण स्टीमची सध्याची पद्धत मला सर्वांत माणुसकीची वाटते. पूर्वीच्या फॅमिली शेअरिंगमध्ये एक छळ होता. मालक स्वतः काहीही खेळायला बसला की त्याची सगळी लायब्ररी बाकीच्यांना बंद. दादा आला की धाकटा उठला. सप्टेंबर 2024 मध्ये स्टीम फॅमिलीज सगळ्यांसाठी सुरू झालं आणि तो प्रकार संपला.

आता तुम्ही धरून सहा जणांचं एक कुटुंब करता येतं. सहाही जणांचे वाटता येण्यासारखे गेम एकत्र दिसतात. मी एक गेम खेळत असताना माझ्याच लायब्ररीतला दुसरा गेम भाचा खेळू शकतो. तोच गेम दोघांना एकदम हवा असेल तर मात्र घरात त्याच्या दोन प्रती हव्यात. एक प्रत, एक खेळणारा. दोघांनी मिळून खेळायचा गेम घेताना हे आधीच मोजा.

करायचं असं. कुटुंबात येणाऱ्या प्रत्येकाचं स्टीम खातं तयार ठेवा आणि ते तुमच्या फ्रेंड्स यादीत घ्या. नव्या, काहीच खरेदी न केलेल्या खात्यावरून फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, म्हणून ती तुम्ही पाठवा आणि त्याने स्वीकारावी. मग स्टीम उघडून सेटिंग्ज, त्यात फॅमिली, आणि क्रिएट अ फॅमिली. नाव द्यायला सांगेल. आमच्या कुटुंबाचं नाव पोरांनी 'कुंदा कंपनी' ठेवलंय. मग एकेकाला आमंत्रण पाठवा. पाठवतानाच तो ॲडल्ट की चाइल्ड ते विचारलं जातं. समोरच्याने स्वीकारलं की त्याच्या लायब्ररीत तुमचे गेम दिसायला लागतात.

चाइल्ड केलेल्या खात्यावर घरच्या मोठ्यांचा हात राहतो. किती तास खेळायचं, कुठले गेम दिसायचे, दुकान उघडायचं की नाही, हे ठरवता येतं. पोराला गेम हवा असेल तर तो खरेदीची विनंती पाठवतो आणि मोठा माणूस आपल्या फोनवरून पैसे भरतो. कार्डाचा आकडा पोराच्या हातात द्यायची गरजच नाही. माझ्या बहिणीला या सगळ्यातली एवढी एकच गोष्ट आवडली.

आता जिथं माणसं फसतात ते. कुटुंबात शिरायच्या आधी नीट विचार करा, कारण मोठा माणूस बाहेर पडला, तर जुन्या कुटुंबात आल्याच्या दिवसापासून वर्ष भरेपर्यंत त्याला दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही. त्याची रिकामी झालेली जागाही वर्षभर अडकते. चाइल्ड खात्याला स्वतःहून बाहेर पडताच येत नाही, मोठ्यानेच काढावं लागतं. म्हणजे उत्साहाच्या भरात गल्लीतल्या पाच पोरांना घेऊन कुटुंब केलंत आणि पुढे सख्खी बहीण म्हणाली मला घे, तर तिला वर्षभर थांबवावं लागेल. स्टीमच्या लेखी कुटुंब म्हणजे एका घरातली माणसं. देश वेगळा असेल तर तर दारच बंद. आमचा एक आतेभाऊ नोकरीला दुबईत गेला, त्याचं खातं तिकडचं, तो आत येऊ शकला नाही.

दुसरी गोष्ट फसवेगिरीची. तुमच्या प्रतीवर खेळताना भाच्याने चीट वापरलं आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेमपुरती बंदी तुमच्यावरही येते. मालक तुम्ही ना. त्यामुळे ऑनलाइन स्पर्धेचे गेम वाटायच्या आधी पोरासमोर बसून हे एकदा स्वच्छ सांगा. आमच्याकडे मी ते जरा मोठ्या आवाजात सांगितलंय.

तिसरं, सगळे गेम वाटले जात नाहीत. ज्यांना दुसऱ्या कंपनीचं खातं किंवा वेगळी की (म्हणजे कोड) लागते, ते बहुधा नाहीत. बनवणाऱ्याने नको म्हटलं असेल तेही नाहीत. फुकटच्या गेमचा प्रश्नच नाही, ते प्रत्येकाने आपापले घ्यायचे. एपिक या कॉम्प्युटर गेमच्या दुसऱ्या दुकानात तर अशी सोयच नाही. घेतल्यावर मग कपाळाला हात लावण्यापेक्षा घ्यायच्या आधी स्टीमवरच्या गेमच्या पानावर फॅमिली शेअरिंग लिहिलंय का ते बघा.

डाउनलोडचं काय, हा प्रश्न खेड्यातून नेहमी येतो. आज मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे सहज जातो. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर तो उतरवायचा तर चतुर्थीला सुरू करून दिवाळी उजाडेल. यावर स्टीममध्ये एक देखणी सोय आहे आणि फार कमी लोकांना ती माहीत असते. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स, तिथं गेम फाइल ट्रान्सफर ओव्हर लोकल नेटवर्क चालू करायचं, आणि कुणाला घेऊ द्यायचं तेही तिथंच निवडायचं. मग एकाच वायफायवर असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून गेम थेट येतो, इंटरनेटवर त्याचा भार जवळजवळ पडत नाही. गौरी-गणपतीला खानापूरचा भाचा लॅपटॉप घेऊन येतो, आरतीच्या आधी लावतो आणि जेवणं होईपर्यंत गेम उतरलेला असतो.

मोबाईल

अँड्रॉइडवर गुगल प्ले फॅमिली लायब्ररी आहे. प्ले स्टोअर, वरचा फोटो, सेटिंग्ज, फॅमिली. एक मुख्य माणूस आणि पाच जण. विकत घेतलेले गेम वाटता येतात, गेमच्या आत घेतलेलं काही वाटता येत नाही. बीजीएमआय आणि फ्री फायर असे फुकट उतरणारे गेम खेळणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. तुम्ही विकत घेता ते सगळं आतलंच असतं, त्यामुळे तुमच्यासाठी इथं वाटायला काही नाही. फॅमिली ग्रुप बदलायचा तर बारा महिन्यांतून एकदाच.

आयफोनवर फॅमिली शेअरिंग, तेही सहा जणांचं. पर्चेस शेअरिंग चालू केलं की घरातल्या सगळ्यांच्या खरेदीचं बिल मुख्य माणसाच्या कार्डावर येतं. मुलांच्या खात्यावर आस्क टू बाय, म्हणजे घ्यायच्या आधी मोठ्यांना विचारायची सोय, चालू न करता हे सुरू करणाऱ्या बापाला माझा नमस्कार.

काय घेऊ नये

2022 मध्ये मीही फसलोय, म्हणून हे सांगायचा हक्क आहे. जुना पीएस4 घेतला, विकणारा म्हणाला, "दहा गेम आत आहेत की, फुकट." होते खरे. तीन आठवड्यांनी एका सकाळी दहाही गेमवर कुलूप. गेम त्याच्या खात्याचे होते. त्याने आपलं प्रायमरी दुसऱ्या यंत्रावर नेलं आणि मी घेतलेलं फुकट तसंच फुकट गेलं. दोष माझा, मी उतारा बघितला नाही.

तेव्हापासून जुना कन्सोल घेताना समोरच्याला तिथंच बसवून त्याचं खातं काढायला लावतो आणि कन्सोल पूर्ण रीसेट करून घेतो. आत असलेल्या गेमचा एक पैसाही मोजत नाही.

गेमसकट खातं विकणारे तर सोशल मीडियावर पैशाला पासरी. पाच हजारांचा गेम पाचशेत, सोबत ईमेल आणि पासवर्ड. खातं विकणं सगळ्याच कंपन्यांच्या अटींविरुद्ध आहे, आणि मूळ मालक जुन्या पावत्या दाखवून ते कधीही परत मिळवू शकतो. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

आणखी एक. टिळकवाडीत किंवा कॉलेज रोडला गेमिंग कॅफे काढायचा बेत असेल, तर घरगुती लायसन्सवर तो चालवता येत नाही. धंद्यासाठी वेगळी परवानगी लागते. स्टीमचा त्यासाठी पीसी कॅफे प्रोग्रॅम आहे, तो बघा.

सदस्यत्वाचे पैसे आपोआप कापले जातात, त्यावरही लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, आणि एकदा मंजुरी दिली की 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी विचारत नाहीत. तो मेसेज लॉटरीचा समजून पुसू नका. पोरगं परीक्षेत असताना तीन महिने कन्सोलवर धूळ बसते आणि सदस्यत्व चालूच राहतं.

गेमवर कुलूप दिसलं तर

सगळं नीट केलं आणि तरी गेमच्या चित्रावर कुलूप आलं, तर घाबरून गेम पुसू नका, शंभर जीबी परत उतरवावे लागतील. आधी इंटरनेट बघा. मग गेम ज्याच्या खात्यावर घेतलाय त्याचं शेअरिंग याच यंत्रावर चालू आहे का ते बघा. घरात दुसरा कन्सोल आला असेल तर कुणीतरी न कळत तिकडे इनेबल दाबलेलं असतं. तेही ठीक असेल तर मालकाच्या खात्यातून आत जाऊन पीएस5 वर युजर्स अँड अकाउंट्स, अदर, रिस्टोर लायसन्सेस. पीएस4 वर अकाउंट मॅनेजमेंटमध्येच रिस्टोर लायसन्सेस. मिनिटभर थांबा आणि कन्सोल बंद करून चालू करा.

इतकं करूनही उघडेना, तर कन्सोलवर आत्ता कोण लॉगिन आहे ते बघा. गेल्या दिवाळीत भाच्याने फोनवर माझी अर्धा तास हजेरी घेतली. शेवटी कळलं, कन्सोल खानापूरला शेजाऱ्याच्या घरी नेलेला नव्हता, तर भाचाच शेजाऱ्याकडे गेला होता आणि त्यांच्या कन्सोलवर माझा गेम शोधत होता.